चौदा फ्रेम्स

माझ्या इन्स्टावर २९ सेकंदांची एक रील आहे. ऑस्ट्रियातल्या एका स्की रिसॉर्टच्या उतारावर, हेल्मेटला लावलेल्या कॅमेऱ्यातून घेतलेली. निळं आकाश, पांढरा उतार, खाली दोन स्कीजची टोकं, मागे एक इलेक्ट्रॉनिक बीट, आणि शेवटी स्क्रीनवर उमटणारा आकडा : ताशी ७२ किलोमीटर. खिशातल्या फोनवर चालू असलेल्या स्की अ‍ॅपने दिलेला त्या दिवसाचा हा 'मॅक्स स्पीड'.

रील टाकल्यावर जे व्हायचं ते झालं. कॉलेजच्या ग्रुपवर आगीच्या इमोजी पडल्या. एकाने 'भाऊ जेम्स बाँड' लिहिलं. बाबांनी विचारलं, "हेल्मेट घातलंयस ना?" (हेल्मेटवरच कॅमेरा होता.) आणि आईने नाशिकहून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "मधे ते पिवळं काय गेलं रे?"

मी लिहिलं, "खांब असेल."

हा लेख त्या पिवळ्याबद्दल आहे. पण तिथे मी थेट पोहोचलो नाही, तीन जुन्या सिनेमांच्या वाटेने पोहोचलो. त्यामुळे तुम्हालाही त्याच वाटेने नेतो.

आधी थराराबद्दल

नोकरीसाठी म्युनिकला आलं की पहिल्याच हिवाळ्यात कळतं, शनिवारी सकाळी आल्प्सकडे जाणाऱ्या ट्रेनमध्ये निम्म्या लोकांच्या हातात स्कीज असतात. मी पंचविसाव्या वर्षी शिकलो. सोबतच्या उतारावर शिकणारी मुलं चार-चार वर्षांची. त्यांना दोनच शब्द शिकवतात : पिझ्झा आणि फ्राइज. स्कीजची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवली की पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार होतो, तो ब्रेक. दोन्ही स्कीज फ्रेंच फ्राइजसारख्या समांतर ठेवल्या की वेग. सगळं स्कीइंग शेवटी या दोन खाद्यपदार्थांमधला निर्णय आहे.

थरार खरा असतो, त्याची टिंगल करायची नाही. वेग वाढत जातो तशी डोक्यातली एकेक गोष्ट बंद होत जाते. अडकलेली रिलीज, व्हिसाचं नूतनीकरण, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता. मांड्या थरथरतात, स्कीज बर्फावर कडकड वाजतात, कानात वारा भरतो, आणि पुढच्या दहा मीटरांखेरीज जगात काहीच उरत नाही. आपण वळू शकू की नाही, याची खात्री नव्वद टक्के असते. उरलेल्या दहा टक्क्यांत सगळी मजा असते.

दुपारी डोंगरावरच्या हॉटेलात सूप येईपर्यंत सगळे फोन टेबलावर ठेवतात. "किती आला?" कुणाचा ६५, कुणाचा ८१. हौशी स्कीअरांमधली ही सगळ्यात लोकप्रिय समीक्षा. एका दिवसाचा, एका शरीराचा, एका डोंगराचा अनुभव दोन अंकांत बसवायचा आणि शेजाऱ्याच्या दोन अंकांशी ताडून पाहायचा.

त्या संध्याकाळी मी माझं चित्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र धक्का बसला. ते कंटाळवाणं होतं. खाली उभं राहिल्यावर माझे हात कापत होते, आणि स्क्रीनवर एक माणूस जवळजवळ सपाट मैदानावरून आरामात चालल्यासारखा जात होता. म्हणून तर मी त्याच्यावर बीट चढवली.

हे का होतं, याची उत्तरं तांत्रिक आहेत. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची लेन्स खूप रुंद असते. ती मधल्या गोष्टी लहान आणि लांब दाखवते, चढउतार सपाट करते. त्यावर स्टॅबिलायझेशनचं सॉफ्टवेअर असतं. त्याच्या दृष्टीने थरथर म्हणजे नॉइज, म्हणजे काढून टाकायची गोष्ट. मी याच धंद्यातला आहे, ते सॉफ्टवेअर किती सुंदर काम करतं हे मला समजतं. पण माझा अनुभव तर त्या थरथरीतच होता. सॉफ्टवेअरने भीती गाळली, लेन्सने उतार गाळला, वाऱ्याचा आवाज मी स्वतः गाळला. उरला तो आकडा.

तोच डोळा, १९६९ साली

मग प्रश्न पडला, स्कीअरच्या डोळ्यांनी दिसणारा वेग पडद्यावर कधी कुणाला जमलाच नाही का? जमला आहे. 'डाउनहिल रेसर' १९६९ चा. मायकल रिची या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट, जेम्स सॉल्टर या कादंबरीकाराची पटकथा. सॉल्टर आधी लढाऊ वैमानिक होता आणि कोरियाच्या युद्धात उडाला होता. वेगाची नशा त्याला ऐकीव नव्हती. रॉबर्ट रेडफर्डने यात डेव्हिड चॅपेलेट नावाचा अमेरिकन स्कीअर केलाय, आणि जीन हॅकमनने त्याचा वैतागलेला कोच.

स्कीअरच्या नजरेतून दिसणाऱ्या शर्यतींचं चित्रण जो जे जॅलबर्ट या स्कीअरने केलं. हातात कॅमेरा धरून तो स्वतः त्या उतारांवरून भरधाव खाली आला. स्टॅबिलायझेशन नव्हतंच. चित्र हादरतं, क्षितिज तिरकं होतं, बर्फ अंगावर येतो. ती दृश्यं आजही पोटात गोळा आणतात, आणि माझी रील, कितीतरी पट स्वच्छ असूनही, आणत नाही.

पण फक्त हादऱ्यामुळे नाही. रिची आपल्याला चॅपेलेटच्या डोळ्यांत फार वेळ राहू देत नाही. तो सतत बाहेर येतो. कोचचा चेहरा, खाली वाट पाहणारे प्रतिस्पर्धी, घड्याळ, पत्रकार. वेग आतून कसा वाटतो हे दाखवल्यावर तो लगेच बाहेरून दाखवतो, आणि बाहेरून हा माणूस फारसा चांगला दिसत नाही. आपल्याला फार मागचा नंबर मिळाला म्हणून तो एक शर्यत धावायलाच नकार देतो. कोलोरॅडोत घरी जातो तेव्हा बापाला हे सगळं कशासाठी ते कळत नाही, आणि चॅम्पियन होण्यापलीकडे मुलाकडेही उत्तर नसतं. उतारावर नसताना चॅपेलेटजवळ सांगण्यासारखं काहीच नाही. चित्रपट त्याला त्याबद्दल झोडपत नाही, पण लपवतही नाही.

शेवट तर कमाल आहे. ऑलिंपिकमध्ये चॅपेलेटची वेळ सर्वोत्तम येते. गर्दी त्याला घेरते. पण वर अजून एक जर्मन स्कीअर धावतोय आणि त्याची मधल्या टप्प्यावरची वेळ जोरदार आहे. आता आपला नायक खाली उभा राहून दुसऱ्याचा वेग बघतोय. आख्ख्या चित्रपटात दुसऱ्या कुणाकडे नीट न बघितलेला माणूस आता डोळे फाडून दुसऱ्याकडे बघतोय. तो जर्मन पडतो, म्हणून चॅपेलेट जिंकतो. सुवर्णपदक त्याच्या वेगाचं आहे की दुसऱ्याच्या पडण्याचं, हे रेडफर्डच्या चेहऱ्यावरून ठरवता येत नाही.

हळू केल्यावर दिसणारी भीती

दुसरा चित्रपट बरोबर उलट्या दिशेने जातो. व्हर्नर हर्झॉगचा १९७४ चा माहितीपट, 'द ग्रेट एक्स्टसी ऑफ वुडकार्व्हर स्टायनर', लांबी पाऊण तासाच्या आसपास. वॉल्टर स्टायनर हा स्वित्झर्लंडचा लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर, आणि त्या काळातला स्की फ्लाइंगचा बादशहा. प्रचंड रॅम्पवरून भरधाव घसरत येऊन हवेत झेपावायचं आणि शक्य तितकं लांब उतरायचं, असा हा खेळ.

हर्झॉगने ही उड्डाणं सेकंदाला शेकडो फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी टिपली. पडद्यावर त्यामुळे सगळं अतिशय सावकाश घडतं. तोंड उघडं, शरीर पुढे वाकलेलं, स्कीजखाली काहीच नाही. वेग दाखवायला हर्झॉगने वेगच काढून टाकला. आणि मग दिसतं ते माझ्या रीलमध्ये कधीच येणार नाही असं काहीतरी : माणसाचा चेहरा. माझ्या कॅमेऱ्यात मी सोडून सगळं असतं. इथे स्टायनरच्या चेहऱ्यावरची भीती, एकाग्रता आणि आनंद एकाच फ्रेममध्ये आहेत.

पण या माहितीपटाचा कणा वेगळाच आहे. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या प्लॅनित्सा इथे १९७४ साली स्टायनर इतरांपेक्षा इतका लांब उडत होता की रॅम्पच त्याला पुरेना. अजून थोडं लांब गेला असता तर उतार संपून सपाटी लागली असती, आणि त्या वेगात सपाटीवर पडणं म्हणजे मरण. एका उड्डाणात तो जोरात आपटला, डोक्याला मार बसला. आयोजक आपल्याला नको तितक्या वरून सोडतायत, लोकांना विक्रम हवाय, अशी त्याची तक्रार होती. शेवटी त्याने स्वतःहून सुरुवातीची जागा खाली घेतली. बाकीच्यांपेक्षा कमी वेग घेऊन तो उडाला. आणि तरीही जिंकला.

मी हा भाग पुन्हा पुन्हा पाहिलाय. जगातला सगळ्यात लांब उडणारा माणूस म्हणतोय, मला खालून सुरू करू द्या. आमच्या सुपाच्या टेबलावर हे वाक्य कधीच ऐकू आलेलं नाही.

किंमत कुणी मोजली?

तिसरा चित्रपट आपल्या शेजारच्या डोंगरावरचा. 'द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट'. ६ मे १९७० रोजी युइचिरो मिउरा हा जपानी स्कीअर एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून, सुमारे आठ हजार मीटर उंचीवरून, पाठीला पॅराशूट बांधून खाली सुटला. वेग आवाक्यात राहावा म्हणून पॅराशूट. ते उघडलं, पण तिथल्या विरळ आणि लहरी हवेत त्याचा फारसा उपयोग झाला नाही. दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास चाललेल्या या प्रवासातले शेवटचे चारशे मीटर मिउरा पडून घसरत आला आणि एका भल्या मोठ्या भेगेच्या अलीकडे कसाबसा थांबला. या चित्रपटाला माहितीपटाचा ऑस्कर मिळाला.

मिउरा वाचला. पण त्याआधीच, एप्रिलमध्ये, मोहिमेचं सामान वर नेणाऱ्या सहा शेर्पांचा खुंबूच्या हिमप्रपातात मृत्यू झाला होता.

चित्रपट हे लपवत नाही. आपण परत फिरावं का, असा प्रश्न मिउराच्या डायरीवर बेतलेल्या निवेदनात येतो. मग मोहीम पुढे जाते आणि चित्रपटही. चित्रण अप्रतिम आहे, घसरगुंडीच्या त्या सेकंदांत श्वास अडकतो. पण पाहून झाल्यावर मला आठवत राहतो मिउराचा चेहरा, त्याचं ध्यान, त्याचे यशापयशाचे प्रश्न. त्या सहा जणांपैकी एकाचाही चेहरा मला आठवत नाही. चित्रपटाची खरी कमजोरी इथे आहे. एका माणसाच्या अडीच मिनिटांच्या वेगासाठी बाकीचे पार्श्वभूमी झाले.

तीनही चित्रपट पाहिल्यावर माझ्या मनात एक कसोटी तयार झाली. वेगाचं चित्रण चांगलं की वाईट, हे ते किती वेगवान वाटतं यावर ठरत नाही. हा वेग ज्याच्यासाठी धोक्याचा आहे तो माणूस आपल्याला त्यात दिसतो का, यावर ठरतं. 'डाउनहिल रेसर' शेवटी नायकालाच प्रेक्षक बनवतो. हर्झॉग घाबरलेल्या माणसाचा चेहरा दाखवतो. मिउराचा चित्रपट शेर्पांची बातमी देतो आणि पुढे जातो. माझी रील?

आकड्याचं काय?

आधी तो ७२. अ‍ॅपमधून मी त्या दिवसाची कच्ची नोंद बाहेर काढली. दर सेकंदाला एक वेग. त्या उतारावरचे आकडे असे : ५८, ६१, ७२, ६०. म्हणजे एका सेकंदात वेग ११ ने वाढला आणि पुढच्या सेकंदात १२ ने उतरला. उतार होता साधारण १५ अंशांचा. बर्फाचं घर्षण आणि हवेचा विरोध दोन्ही शून्य धरले तरी अशा उतारावर एका सेकंदात वेग जास्तीत जास्त ताशी ९ किलोमीटरने वाढू शकतो. अकरावीचं फिजिक्स. ७२ हा जीपीएसचा झटका होता. खरा आकडा ६१ च्या आसपास.

यात माझं अ‍ॅप विशेष वाईट आहे असं नाही. कुठल्याही मोजमापात थोडी चूक असते, कधी वर, कधी खाली. सरासरी काढली तर चुका एकमेकींना खातात. पण 'कमाल' काढली की नेमकी वरच्या बाजूची सगळ्यात मोठी चूक निवडून हातात येते. म्हणजे टेबलावर आम्ही एकमेकांना जे दाखवतो त्यात बऱ्याचदा आपल्या फोनची सगळ्यात मोठी चूक असते, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या चुकीला मागे टाकायला निघतो.

खऱ्या वेगाची माणसं वेगळी असतात. फ्रान्समधल्या वार्स इथे २०२३ मध्ये सिमोन बिली ताशी २५५.५ किलोमीटर वेगाने खाली आला. हा स्पीड स्कीइंगचा जागतिक विक्रम. पण त्या उतारावर एका वेळी एकच माणूस असतो. खाली कुणी नसतं. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून होता. अंतिम फेरीच्या सकाळी निकोलास बोशाते हा स्विस स्पर्धक गेला, तो स्पर्धेच्या उतारावर नाही. सराव म्हणून साध्या उतारावर स्कीइंग करताना बर्फ सपाट करणाऱ्या गाडीवर आदळून.

साधा उतार हीच अवघड जागा आहे, कारण तिथे बाकीचे असतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे हौशी स्कीअरांसाठी दहा नियम आहेत. त्यांचा गाभा एवढाच : वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. खालच्याला मागे डोळे नसतात. २०२३ मध्ये ग्विनेथ पॅल्ट्रोवरचा खटला तुम्ही मीम्समधून पाहिला असेल. त्यात सगळा वाद याच प्रश्नावर होता : धडकेच्या वेळी वर कोण होतं आणि खाली कोण? ज्युरीने पॅल्ट्रोच्या बाजूने कौल दिला, तिने मागितलेला एक डॉलर तिला मिळाला. त्या धडकेचं चित्रण कोर्टापुढे नव्हतं.

माझ्याकडे आहे.

पिवळं

आईच्या प्रश्नानंतर काही महिन्यांनी, हर्झॉग पाहिल्यावर, मी माझी मूळ फाइल उघडली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. उतारावर एक उंचवटा आहे. त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. अशा जागी वेग कमी करायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी केला नाही, कारण वेग तेव्हाच छान जमत आला होता. उंचवटा ओलांडल्यावर फ्रेममध्ये डावीकडे पिवळा ठिपका येतो. स्की स्कूलची मुलं अंगावर घालतात ते पिवळं जॅकेट. पाचेक वर्षांचं मूल, माझ्याकडे पाठ, पाय पिझ्झामध्ये, हात पसरलेले. रुंद लेन्समुळे लांब वाटतं. लांब नव्हतं.

पहिल्या फ्रेमपासून ते फ्रेमच्या डाव्या कडेने बाहेर जाईपर्यंत चौदा फ्रेम्स. सेकंदाला तीस फ्रेम्स, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी. ताशी ६१ च्या वेगात तेवढ्या वेळात जवळपास आठ मीटर. काही दिसल्यावर ते समजून शरीर हलवायला माणसाला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे मी त्या मुलाला चुकवलं नाही. चुकवायला वेळच नव्हता. ते मूल दीड-दोन मीटर डावीकडे होतं, एवढंच.

त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. स्कीइंगच्या हेल्मेटची युरोपातली चाचणी ते दीड मीटरवरून खाली टाकून करतात. म्हणजे आदळताना वेग ताशी २० च्या आसपास. वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट होते. माझं वजन ७५ किलो. पुढचा हिशेब मी कागदावर केला नाही.

मग मी बीट काढून मूळ आवाज लावला. वारा, स्कीजची कडकड, माझा श्वास. आणि चौदाव्या फ्रेमनंतर मागून एका बाईचा अर्धवट शब्द. इन्स्ट्रक्टरचा असावा. शब्द कळत नाही, सूर कळतो. उतारावर तो मला ऐकू आला नव्हता.

त्या दिवशी दुपारी सुपाच्या टेबलावर "किती आला?" विचारल्यावर मी "बहात्तर" म्हणालो होतो. आता माहीत आहे की तो आकडाही खोटा होता. खोट्या आकड्यासाठी मी एका मुलाला मधे येऊ दिलं. खरं तर मधे मीच आलो होतो, ते आपल्या जागी होतं.

मी स्कीइंग सोडलेलं नाही. थरारही कमी झालेला नाही, कारण तो आकड्यात नव्हताच. पहिल्या दिवशी बाळांच्या उतारावर, पिझ्झा सोडून पहिल्यांदा फ्राइज केले तेव्हाही हेच पोट, हाच गोळा होता, आणि तेव्हा मी सायकलपेक्षा हळू असेन. वेग जास्त झाला तेव्हा फक्त माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याकडे गेली. आता उंचवटा आला की मी थांबतो, पलीकडे बघतो, मग निघतो. अ‍ॅप काढून टाकलंय. सहकारी विचारतात तेव्हा सांगतो, मोजत नाही. त्यांना ते जरा शिष्टपणाचं वाटतं.

रील अजून तिथेच आहे. हजारेक लोकांनी पाहिली असेल. त्या पिवळ्याबद्दल एकीनेच विचारलं, आणि ती कधी बर्फात गेलेली नाही. बाकी सगळे माझ्या डोळ्यांनी बघत होते. ती रस्त्यात कोण आहे ते बघत होती.

हा लेख प्रसिद्ध झाला की लिंक आईला पाठवणार आहे. तो खांब नव्हता, आई.